कुलथ्यांचा वाकडा काटा

कुलथे हेडफोन लावून बसले की त्यांची दाढ दुखतेय असं वाटायचं. मान उजवीकडे कललेली, उजव्या हाताची तीन बोटं उजव्या कानावरच्या वाटीवर दाबलेली, डोळे मिटलेले आणि चेहरा असा, की जगात जे काही वाजतंय ते यांच्याच परवानगीने वाजतंय. हेडफोनही भंगारवाल्याने परत करावा असा. डोक्यावरची पट्टी सायकलच्या ट्यूबने बांधलेली, उजव्या वाटीत शिरणाऱ्या वायरीला औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी गुंडाळलेली. त्या वाटीतून आवाज डावीच्या निम्म्याने यायचा. अशा अवजारावर हा माणूस घरी बसून लोकांच्या गाण्याच्या कॅसेटी तयार करायचा आणि वर तोरा मिरवायचा.

पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी तो माझ्या डोक्यावर चढवला आणि विचारलं, "काय ऐकू येतं?"

"उजवीकडे कमी येतंय. बिघडलाय."

त्यांनी तो माझ्या डोक्यावरून काढून घेतला. "सावे, देवाने तुला कान दिलेत ते भिकबाळी अडकवायला," म्हणाले, आणि आत वहिनींना चहा टाकायला सांगितलं.

बोईसरच्या एका रसायनांच्या कारखान्यात आम्ही बरोबर होतो. ते बॉयलरवर, मी इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. मूळचे शेवगावकडच्या सोनाराच्या घरातले. बापाशी पटलं नाही म्हणून पेढी सोडून इकडे आले, पण पेढी त्यांच्या तोंडातून गेली नव्हती. आवाज त्यांना कधी 'थोडा' जास्त वाटायचा नाही, 'गुंजभर' जास्त वाटायचा. बेसूर गाणाऱ्याला ते 'पितळ' म्हणायचे आणि सुरात गाणाऱ्याला 'बरंय, पण तुटीचं'. शंभर नंबरी म्हणाले असं तोवर मी कुणाबद्दल ऐकलं नव्हतं.

अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराला त्यांच्या मेव्हण्याने मस्कतहून एक यंत्र आणून दिलं. साध्या टेपरेकॉर्डरपेक्षा मोठं, वेगवेगळे आवाज एकाच कॅसेटवर वेगवेगळ्या वाटांनी भरून घेणारं. मग काय, दोन खोल्यांपैकी एकीत भिंतीला गोधड्या टांगल्या गेल्या. गाणं भरायचं म्हणजे पंखा बंद. मे महिन्यात भजनी मंडळाचे बुवा त्या खोलीतून बाहेर पडायचे ते पाण्यात बुडवून काढल्यासारखे. वहिनींना फोडणी टाकायची बंदी. मला या सगळ्याची गंमत वाटायची असं म्हणणं खोटं होईल. मला त्याचा तिटकारा होता, आणि तरी दर रविवारी मी तिथे जाऊन बसत असे. दुसऱ्याचा मूर्खपणा जवळून बघायला मिळाला की आपण शहाणे असल्याची खात्री पटते.

त्यांची पद्धत तर विचारूच नका. गाणाऱ्याचा आवाज ते उजव्या कानात घ्यायचे आणि ढोलकी, टाळ, मागचे गाणारे असं बाकीचं सगळं डाव्या कानात. तराजूची दोन पारडी. एकेक बटण सरकवत तोलायचे आणि तोल जमला की दोन्ही बाजू एकत्र करून एकाच आवाजात कॅसेटवर उतरवायचे, कारण ज्यांच्यासाठी हे चाललेलं त्यांच्या घरी एकाच भोंग्याचे टेपरेकॉर्डर. एकदा उतरवलं की मूळचं भरलेलं पुसून त्याच कॅसेटवर पुढचं गाणं. चांगल्या कॅसेटी मस्कतहूनच यायच्या, आणि त्या दोनच होत्या.

"अहो, पण तुमचं उजवं पारडंच खोटं आहे," मी एकदा म्हणालो. "गाणाऱ्याचा आवाज निम्मा ऐकू येतो तुम्हाला. वायरीचं टोक सुटलं असणार. दोन मिनिटांत कथलाचा डाग देऊन जोडतो."

"माझ्या काट्याला हात लावायचा नाही. उजवीकडे निम्मा ऐकू आला की तो पुरता असतो, हे मला सात वर्षांत पाठ झालंय. काटा वाकडा असला तरी चालतो, सावे. माणसाला त्याचा वाकडेपणा ठाऊक पाहिजे."

मी कारखान्यात येऊन हे वाक्य त्यांच्या सुरात म्हणून दाखवायचो. मंडळी पोट धरून हसायची. प्रेशर गेज चुकीचा दाखवतोय पण आम्हाला किती चुकीचा ते पाठ आहे, असं म्हणणाऱ्या माणसाच्या हाती बॉयलर दिलाय, देव कंपनीचं भलं करो.

वहिनींची रोजची मासेवाली रुक्मी जवळच्याच किनाऱ्यावरच्या नवापूरची. तिची सासू देवकाबाय ही धवलारीण, म्हणजे लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंतची गाणी, धवले, म्हणणारी. हे धवले कुठल्या पुस्तकात नाहीत. ते तिच्या घशात होते आणि घसा दम्याने धरला होता. शिकायला कोणी तयार नव्हतं, पोरींना बँड हवा होता. घरातलं शेवटचं लग्न, नातीचं, पंधरा दिवसांवर आलं होतं.

"ते एकदा भरून घ्या भाऊ," रुक्मी कुलथ्यांना म्हणाली. "फुडं कोनाच्या घरी लगीन असलं तं तेच लावू. म्हातारी नाय तं नाय, तिचा आवाज तरी मांडवात ऱ्हायल."

कुलथ्यांनी एक पैसा घेतला नाही. लग्नाच्या दिवशी बसमधून यंत्र मांडीवर घेऊन आम्ही नवापूरला गेलो. देवकाबाय लुगड्याचा काष्टा घट्ट करून उंबऱ्याशी बसली होती. तिने यंत्राकडे बघून विचारलं, "माज्यामागं ह्यो डबा म्हननार?"

"तुम्हीच म्हणणार आजी. डबा फक्त धरून ठेवणार."

"मंग नीट धर. मी परत म्हननार नाय. लगीन नाय तं धवला नाय."

एक माइक तिच्या तोंडाशी, दुसरा ओळी झेलणाऱ्या चार बायका आणि मांडवातल्या ढोलकीकडे. ती दिवसभर गायली. आवाज वयाने चिरकला होता, पण प्रत्येक शब्द स्वच्छ. नवरी आईच्या गळ्यात पडली तेव्हाचा धवला म्हणताना तिला दम लागला, ती थांबली, पाणी प्यायली आणि त्याच सुरावर परत आली. माझी बहीणही तिच्या लग्नात अशीच आईच्या गळ्यात पडली होती. मला रडू आवरेना. कुलथ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "शंभर नंबरी."

परतताना यंत्र त्यांच्याकडे होतं आणि वायरींची पिशवी माझ्याकडे. त्या पिशवीत हेडफोन होता. इतकं चांगलं गाणं या भंगारावर तोलणार, हे मला सहन होईना. घरी आल्यावर चिकटपट्टी सोडली. माझा अंदाज बरोबर निघाला, वायरीचं एक टोक अर्धवट तुटलं होतं. डाग दिला, दोन्ही वाट्या सारख्या वाजू लागल्या. चिकटपट्टी होती तशीच परत गुंडाळली. कुलथ्यांना लावल्या लावल्या कळेल, चकित होतील, आणि मग मी सांगेन, असा माझा बेत. सकाळी पिशवी घ्यायला ते कारखान्याच्या गेटवर आले, मी ती त्यांच्या हातात दिली आणि गप्प राहिलो. त्यांची सुट्टी होती, माझी पहिली पाळी.

त्यांनी त्याच दिवशी तोल केला. उजवीकडे म्हाताऱ्या बाईचा आवाज भरपूर येत होता. पण काटा सात वर्षांत बदलला नव्हता, तेव्हा आवाजच चढा भरला गेला असणार असं त्यांनी धरलं आणि तो खाली आणत आणत निम्म्यावर आणला. नेहमीच्या हिशेबाने निम्मा म्हणजे पुरता. कॅसेट उतरली. साध्या टेपरेकॉर्डरवर वाजवून बघण्यात त्यांना कमीपणा वाटत असे, त्यामुळे ते केलं नाही. संध्याकाळी भजनी मंडळ येणार होतं, म्हणून मूळचं पुसलं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघे नवापूरला कॅसेट द्यायला गेलो. मी अजून गप्पच होतो. ते काही बोलले नाहीत, म्हणजे आढ्यतेपायी कबूल करत नाहीत, अशी माझी समजूत. अंगणात सुकट पसरलेली, शेजारच्या बायका जमलेल्या. रुक्मीने टेपरेकॉर्डर लावला. ढोलकी खणखणीत वाजली. मागच्या चार बायका खणखणीत. त्यांच्यामागे, दार लावून कोणीतरी आतल्या खोलीत बोलावं तशी देवकाबाय. शब्द लागेना.

तिने पूर्ण एक बाजू ऐकून घेतली. मग कुलथ्यांना विचारलं, "मी कुटं हाय ह्यात?"

कुलथ्यांनी पिशवीतून हेडफोन काढला, लावला, काढला, उलटा करून लावला. दोन्ही कान सारखे. मग त्यांनी चिकटपट्टीचं टोक नखाने उचललं. आत नवा डाग चकाकत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या बायकांसमोर आता हा माणूस माझी सालटी काढणार म्हणून मी पायाखाली बघत राहिलो.

"माझा हात चुकला, आजी," ते म्हणाले. "परत एकदा म्हणाल का?"

"लगीन हाय काय कोनाचं?"

कोणाचंच नव्हतं. रुक्मीने विनवून पाहिलं. म्हातारी उठून आत गेली.

बसमध्ये मी म्हणालो, "मी चांगल्यासाठी केलं होतं." ते खिडकीबाहेर बघत होते. तसेच बघत म्हणाले, "काटा सरळ केलास ते चांगलंच केलंस. सोनाराला सांगायचं असतं रे."

पावसाळा संपायच्या आत देवकाबाय गेली.

ही गोष्ट कारखान्यात पोचायला वेळ लागला नाही. कँटीनमध्ये कुलथे ताट घेऊन आले की कोणीतरी विचारायचं, "क्यों सुनार, कान किधर गिरवी रखा?" सगळे हसायचे. मीही हसायचो, आणि माझ्या हसण्याकडे त्यांचं लक्ष असायचं. एक शब्द बोलले असते तर ती मस्करी माझ्याकडे वळली असती. ते भात कालवून जेवत राहायचे. सात वर्षं मी त्या माणसाला तुच्छ लेखत होतो, आणि ज्या दिवशी स्वतःला तुच्छ लेखायची वेळ आली त्या दिवशी मला तोंड उघडता आलं नाही.

यंत्र त्यांनी नंतर विकलं. सत्त्याण्णवला नोकरी सोडून शेवगावला गेले आणि तीन वर्षांनी तिथेच वारले. वहिनींचं पत्र आलं तेव्हा वाटलं, आता नवापूरला जाऊन रुक्मीला खरं सांगावं. गेलो. तिच्या शेजारच्या घरी लग्न होतं. मांडवात ती कॅसेट लावली होती. दोनेक मिनिटं ढोलकी वाजली, मग कोणीतरी ती बंद केली आणि बँडवाल्याला खूण केली. माझ्या शेजारी बसलेल्या एका बाईने आपल्या सुनेला समजावून सांगितलं, "आमची धवलारीण व्हती गं. बोईसरच्या त्या सोनारानं तिचा आवाज घालवला."

मी पंगतीला बसलो, जेवलो आणि कोणाला काही न सांगता परत आलो. तिथे आजही असंच म्हणतात. त्यांनी नाही घालवला. मी घालवला.