दावं विकत नाहीत

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात गाय विकतात, बैल विकतात, शेळी-म्हैस सगळं विकतात. पण दावं कुणी विकत नाही. सौदा झाला की विकणारा आपलं दावं जनावराच्या गळ्यातून काढून घेतो अन् घरी नेऊन रिकाम्या खुंटीला अडकवतो. दावं घरात राहिलं तर पुन्हा दुसरं जनावर दावणीला येतं, असं आमच्याकडं मानतात. मग घेणाऱ्यानं गाय न्यायची कशानं? आमच्या दुकानातून नवं दावं घेऊन. या रीतीवर माझ्या सासऱ्यांचं घर चाललं, आमचं चाललंय, पोरी शिकल्या. तेव्हा कुणी दुकानापुढं उभं राहून याला अंधश्रद्धा म्हणायला लागला की मी त्याला सांगते, बाबा रे, पुढं सरक, गिऱ्हाईकाला जागा दे.

थोरली पुण्यात कंपनीत आहे. तिच्या मैत्रिणीनं एकदा मला विचारलं, काकू, तुमच्याकडं इंडस्ट्री काय आहे हो? मी म्हटलं, शनिवारी ये. आली बिचारी, पांढरे बूट घालून. तिला बाजारभर हिंडवलं. पिकअपवाले, शिंगं साळणारे, पेंडीची दुकानं, कारखान्याचा हंगाम म्हणून उसाच्या वाढ्याचे, हिरव्या शेंड्यांचे, भारे घेऊन बसलेल्या बाया. एक गाय हलली की एवढ्यांची चूल पेटते म्हटलं. डेअरीत दुधाचा पगार झाला की तोच पैसा कापडाच्या दुकानात जातो, भांड्यांच्या दुकानात जातो. पावसानं ओढ दिली की आधी आमच्या दोरांना गिऱ्हाईक राहत नाही, अन् मग सोनारही माश्या मारत बसतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पोरीला पटलं. बूट तेवढे शेणानं भरले.

पण सांगायची गोष्ट वेगळीच आहे, एका मावशींची. श्रीगोंद्याकडच्या एका वस्तीवरच्या. त्या दिवशी आमच्या दुकानाशेजारीच त्या गाय घेऊन उभ्या होत्या, बरोबर मुलगा. मुलगा सुप्याच्या कंपनीत कामाला. मावशींचे दोन्ही गुडघे गेलेले, उकिडवं बसून धार काढणं होईना, ऑपरेशन ठरलेलं. म्हणून गाय विकायची. मुलाचं म्हणणं, आता जनावर बास, गोठ्यात मोटरसायकल लावू. मावशी मला मात्र हळूच म्हणाल्या, गुडघं बरं झालं की मी दुसरी आणणार हाय. नवरा गेल्यापासून दुधाचा पगार हाच त्यांचा हक्काचा पैसा. नातवाला खाऊ असो की लेकीला साडी, कुणापुढं हात पसरायला लागला नाही.

गायीच्या गळ्यात चिंध्यांचं दावं होतं. जुनी लुगडी फाडून, तीन पदर वळून मावशींनी स्वतः केलेलं, हिरवं अन् जांभळं. ते बघून माझा पाराच चढला. म्हटलं, मावशी, सगळ्या बाया अशी दावी वळायला लागल्या तर आम्ही काय माती खायची? त्या हसल्या. म्हणाल्या, तुझं नायलॉनचं गायीच्या गळ्याला काचतं गं. आता माझ्याच दुकानापुढं माझ्याच मालाची अशी नालस्ती!

गिऱ्हाईक नगरपलीकडच्या सोनईचं निघालं. उपरण्याखाली बोटं दाबून सौदा झाला, मुलगा पावती करायला गेला. मावशी गायीला भाकरी भरवत होत्या, तिच्या कानाशी काहीतरी बोलत होत्या. पिकअपवाला सारखा हॉर्न वाजवत होता, कारण त्याला आणखी एक भाडं धरायचं होतं. घाईत गाय वर चढवली, फळी लावली अन् गाडी गेलीही. मावशी पदरानं डोळे पुसत माझ्याकडं पाणी प्यायला आल्या. तांब्या तोंडाला लावला अन् तसाच खाली ठेवला.

"दावं गेलं," म्हणाल्या. "माझं दावं तिच्या गळ्यातच गेलं."

अन् मटकन खाली बसल्या. त्या गुडघ्यांनी खाली बसल्या म्हणजे काय झालं असेल ते समजा.

मुलगा आला. म्हणाला, आई, चिंध्या तर हुत्या, जाऊ दे की. दुकानात बसलेले आमचे मालकही कमी नाहीत, म्हणाले, बैल गेला अन् झोपा केला. मी दोघांकडं असं बघितलं की मालक मुकाट्यानं दोर वळायला लागले. अरे, बाईनं गाय दिली, त्याला हूं का चूं केलं नाही. दावं होतं म्हणून दिली. पुन्हा गाय येईल ही तिची सगळी आशा त्या चिंध्यांत होती, अन् ती आता नगरच्या रस्त्याला लागली होती.

मी समोरच्या चहावाल्याला हाक मारली. त्याच्याकडं सगळ्या पिकअपवाल्यांचे नंबर. पण गाडी चालवताना तो गडी फोन घेईना. मग पेंडवाला उठला. त्यानं सोनईच्या ओळखीच्या पेंडवाल्याला फोन लावला, कारण गायीवाला माणूस पेंड घेणार कुठून? त्याच्याकडूनच. गाय उतरायच्या आधी निरोप तिथं पोचलेला होता. संध्याकाळी बाजार उठता उठता उलटा फोन आला, दावं काढून ठेवलंय, पुढच्या शनिवारी पाठवतो. मावशी तोवर घरी गेल्या होत्या. मी मुलाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, बरं. एवढंच.

पुढच्या शनिवारी पिकअपवाल्यानं दावं आणून दिलं. घेणाऱ्यानं ते धुऊन, वाळवून, घडी घालून पाठवलं होतं. वर निरोप, गाय आंबोण खाती, दूध चोरत न्हाई, समदं देती, मावशींना सांगा. जनावर दिल्यावर बाईला रात्री काय आठवत असेल, हे त्या सोनईच्या माणसाला न सांगता कळलं. मुलगा कामावरून परतताना येऊन दावं घेऊन गेला. कुठं ठेवू, म्हणून मलाच विचारत होता. म्हटलं, आईला विचार.

ऑपरेशन झालं. पुढं बरेच दिवस काही कळलं नाही, अन् आम्हीही आमच्या धबडग्यात. पोळा झाला, दिवाळी झाली, कारखान्याची धुराडी पेटली. मला वाटलं, झालं असेल गोठ्याचं पार्किंग.

मग एका शनिवारी गर्दीतून काठी टेकत मावशी येताना दिसल्या. चाल हळू, पण पाय सरळ पडत होते. मागं मुलगा, एका काळ्याबांड्या कालवडीच्या पाठीवर हात ठेवून. कालवड विकणारा वाकून तिच्या गळ्यातलं आपलं दावं सोडायला लागला होता. मी रीतीप्रमाणं खुंटीवरचं चांगलं मऊ सुती दावं उतरवलं, म्हटलं या बाईकडून निम्मेच पैसे घ्यायचे.

मावशींनी माझा हात बाजूला केला. मुलानं खांद्यावरच्या पिशवीतून ते हिरवं-जांभळं दावं काढलं अन् कालवडीच्या गळ्यात घातलं.

"सैल बांध," मावशी त्याला म्हणाल्या. "वाढायचीय ती अजून."

त्यानं गाठ सोडली अन् पुन्हा सैल बांधली. मी हातातलं नवं दावं परत खुंटीला अडकवलं. गिऱ्हाईक गेलं अन् मला लई बरं वाटलं.