छातीतली गाठ आणि लिफ्टपर्यंतची पावलं

माझ्या सख्ख्या मोठ्या भावानं मला फसवलं. माझ्या छातीतल्या गाठीत कॅन्सर निघाला आणि त्यानं मला टीबी सांगितला. डॉक्टरीणबाईंनाही फसवलं: "तिले सगळं मालूम हाय. तो शब्द तिच्यासमोर काढू नका, लय रडते."

मी रडते! आमच्या रिठद गावच्या दोन एकरांत वांगी-मिरची काढून वाशीमच्या बाजारात एकटीनं अडत्यांशी भांडत आले. तिथं मला रडताना कुणी पाहिलं असेल तर सांगावं.

नागपूरला सुईनं गाठीचा तुकडा घेतला. मग डोक्यापासून पायापर्यंत सगळं अंग मशीनमध्ये घातलं. "टीबीले एवढं कायले?" मी विचारलं. दादा म्हणाला, "मोठ्या दवाखान्याची रीतच हाय." पोत्याच्या तळाशी हात घालून माल पाहणारी मी, त्याच्या शब्दावर गेले. सहीसुद्धा त्यानं बोट ठेवलं तिथं केली. माझा चष्मा त्याच्याच खिशात होता!

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. मी म्हटलं, "वांग्याचे तोडे चालू हायेत. महिनाभरानं करा."

"महिना थांबता येणार नाही."

"मंग पंधरा दिवस?"

"नाही."

बाजारात अशा वेळी मी टोपलं उचलून चालू लागते. दहा पावलांत मागून हाक येतेच. मी पिशवी उचलली आणि निघाले. दहा पावलं झाली, वीस झाली. हाक नाही. बाई दुसऱ्या खाटेकडे वळल्या होत्या. मी लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट येईना.

दादा धापा टाकत आला. "अवं, काहून असं करून राह्यली? चाल मागं!"

"टीबीच हाय ना? गोळ्या घेईन."

दादानं माझ्या हातातली पिशवी ओढली. तेवढ्यात त्याच्या मागोमाग वॉर्डातून आलेली माझी मुलगी सगळ्यांदेखत ओरडली, "आई, टीबी नाही, कॅन्सर हाय! सुरू कुठून झाला ते सापडून नाही राह्यलं, म्हणून गाठच काढा लागते!"

लिफ्टचं दार उघडलं. मी आत गेले नाही. भीती नंतर वाटली. आधी अंगात असं काही संचारलं की मी जवळजवळ पळतच वॉर्डात शिरले.

"बाई, मले आता खरं सांगा."

त्यांनी दादाकडे एकदा पाहिलं आणि खाटेवर बसून सगळं सांगितलं. मूळ सापडलं नाही. कधी कधी सापडतच नाही. पण गाठ एकाच जागी आहे, पूर्ण निघेल असं वाटतं.

"कधी काढता?"

"उद्या सकाळी."

"आज काहून नाही?"

बाई हसल्या. शेजारची म्हातारी म्हणाली, "आत्ता तर पळून चालली होती!"

शुद्धीवर आले तेव्हा बरगडीत नळी होती आणि श्वास घेताना कळ येत होती. पण गाठ अख्खी निघाली होती, आणि पुढं तपासणीत तिच्या कडाही साफ निघाल्या, म्हणजे तिथं मागं काही उरलं नव्हतं! मूळ अजून सापडलेलं नाही. तपासण्या चालू राहतील. मी तर खाटेवरूनच मिरचीचा भाव विचारला.

दादा म्हणतो, "तुह्याच भल्यासाठी लपवलं." त्या दिवशी लिफ्ट खालच्या मजल्यावर अडकली होती. ती लगेच आली असती तर मी गाठ छातीत घेऊन बसमध्ये बसले असते. जीव माझा, आजार माझा, आणि मला तो झेपणार नाही हे दादानं कशावरून ठरवलं? सगळ्या भावकीसमोर त्यानं मला याचा जबाब द्यावा.