आईच्या गुडघ्याचा फोटो

मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो. त्या दिवशीचा तर अजून पुरता गेलेला नाही.

गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे लोक जिला गादी म्हणतात ती, झिजायला लागते तेव्हा साध्या एक्स-रेत काही कळत नाही. त्यात हाडं दिसतात. हाडांमधली जागा कमी झाली की मग डॉक्टर म्हणतात झीज आहे, आणि तोवर बराच उशीर झालेला असतो. हिंजवडीजवळच्या एका केंद्रात मी ज्या अभ्यासावर काम करते, तो त्याआधीच्या काळाचा. शिरेतून एक औषध द्यायचं, माणसाला दहा मिनिटं चालवायचं, दीड तास बसवायचं आणि मग एमआरआय काढायचा. धडधाकट गादी या औषधाला फारसं आत येऊ देत नाही. जिथे ती कमजोर झाली तिथे ते मुरतं, भिंतीत ओल मुरावी तसं. सगळी मदार त्या दीड तासावर. वेळ चुकली की चित्र खोटं.

अभ्यास सुरू झाल्यापासून नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं चालली होती. परवानग्या अडकल्या, औषध आलं तर मशीन बंद, मशीन सुरू झालं तर माणसं येईनात. सुई टोचून चालायला लावतात म्हटल्यावर कोण येणार? शेवटी मोठ्या डॉक्टरांना विचारून, रीतसर सही घेऊन आणि रक्त तपासून मी माझ्या आईलाच आणलं.

खरं सांगायचं तर अभ्यासापेक्षा मला ते आईसाठी हवं होतं. आमचं घर कासार आंबोलीत. गावात पुण्याच्या लोकांचा शनिवार-रविवारचा एक बंगला आहे, तिथली फरशी आई पंधरा-सोळा वर्षं उकिडवी बसून पुसते. दोन वर्षांपासून तिचा उजवा गुडघा दुखतो. दादाने तिला पौडला नेऊन एक्स-रे काढला, तो चांगला आला, आणि घरातल्यांच्या लेखी तिचं दुखणं तिथेच संपलं. गुडघ्यातलं चालूच राहिलं. "फोटो चांगला हाय की. मग कशानं दुखतंय? काम नको झालंय तुला," दादा म्हणायचा. वहिनी बोलायची नाही, पण जिन्यात आई थांबली की तिच्याकडे बघत राहायची. आईला बंगल्याचं काम सोडायचं होतं. मला एकच करायचं होतं: गादीचं चित्र काढायचं आणि दादासमोर आपटायचं.

सकाळी नऊला औषध दिलं. आई लंगडत दहा मिनिटं चालली. तिला एमआरआयच्या दाराशी बाकावर बसवून मी बजावलं, "साडेदहाला तुला आत घेतील. इथून हलायचं नाही."

"न्हाई हलत. मी काय ल्हान हाय?"

मी वरच्या मजल्यावर बैठकीला गेले. ती अशा बैठका लांबतात तशी लांबली. अकराला धावत खाली आले, तर आई बाकावर जशीच्या तशी.

"झाला?" मी विचारलं.

"कुटं? ती जांबे गावची एक बाई आली ना, तिची पाठ लई दुखत हुती. बसताबी येईना तिला. म्हनलं, तुमी जावा आधी, मला काय घाई न्हाई."

नेहमीचा तंत्रज्ञ रजेवर होता. बदली आलेला म्हणाला, "मॅडम, मी दोनदा विचारलं. त्या स्वतःच थांबते म्हणाल्या." मी त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पाठीवाली बाहेर येते न येते, तोच अपघातात डोक्याला मार लागलेला माणूस आणला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. त्याला कोण थांबा म्हणणार? आईचा नंबर लागला तेव्हा एक वाजून गेला होता आणि गादीत मुरलेलं औषध ओसरायला लागलं होतं. तरी मी चित्रं काढली. मोठ्या डॉक्टरांनी ती बघून सांगितलं, वेळेबाहेरची आहेत, धरू नका. पुन्हा करायची सोय नव्हती. अभ्यासासाठी एका माणसाला औषध एकदाच, असं परवानगीतच लिहिलेलं आहे.

परतताना माण गावाच्या पुढे चहाला स्कूटर थांबवली आणि मी फुटले. "जन्मात कधी स्वतःचा नंबर आधी लावलायस? टँकर आला तर तुझा हंडा मागे, जेवायला सगळ्यांच्या मागे. एक दिवस, आई. एकच दिवस तुला पुढे जायचं होतं."

"तिला दुखत हुतं गं."

"तुलाही दुखतंय ना?"

आईने बशीत चहा ओतला. "व्हय. पर मी तिला कागद न्हाई मागितला. दुखतंय म्हनली, म्हनलं जा."

मी तुझ्यावर कधी अविश्वास दाखवला, असं मी विचारणार, तोच आठवलं. पौडचा तो एक्स-रे घरी आला तेव्हा खिडकीच्या उजेडात मीच धरला होता. घरात त्यातलं कळणारी मी एकटी. "आई, यात तर काहीच नाही," हे दादाच्या आधी मी म्हणाले होते. असल्या एक्स-रेत गादी दिसत नाही हे माहीत असण्यावर ज्या बाईचं पोट भरतं, ती हे म्हणाली होती. मला स्वतःची लाज वाटली आणि त्याचाही रागच आला.

घरी पोचलो तर दादा ओट्यावरच बसला होता.

"काल बंगल्यावर जाऊन आली ती शेवटची," मी म्हणाले. "उद्यापासून आई जाणार नाही."

"का? फोटोत निघालं का काय?"

"फोटोत काही निघालं नाही. तिला दुखतंय."