विड्याच्या पानातल्या खोल्या

हेवा करावा असा माणूस ब्रह्मदेवाने कावेरीच्या काठी एकच घडवला, आणि नेमका तो साडू म्हणून माझ्या पदरात टाकला. दूरच्या माणसाचा हेवा परवडतो. तो वर्षातून एकदा दिसतो, आपण एकदा जळतो आणि सुटतो. आमचे साडू मात्र माझ्याच गल्लीत राहत, माझ्याच शाळेत शिकवत आणि माझ्याच सासूबाईंच्या हातचे अप्पम खात. माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांना दिलेली. मी गणिताचा मास्तर, ते जीवशास्त्राचे. कुंभकोणात गणिताला केवढा मान! इथे देवळातला पुजारीसुद्धा प्रसाद वाटता वाटता कोडी घालतो. त्यामुळे मला वाटे की शाळेत पहिला नमस्कार मलाच मिळायचा. पण गल्लीच्या टोकाला हे दिसले रे दिसले की पोरं माझ्या कोटाला वळसा घालून त्यांच्याकडे धावत.

दिसायला म्हणाल तर हेवा वाटावा असं त्यांच्यात काही नव्हतं. किडकिडीत अंग, कानांत कुड्या, शेंडीची गाठ कधी उजवीकडे तर कधी डावीकडे, धोतरावर गळाबंद कोट आणि त्या कोटावर आयोडिनचे डाग. शाळेत एक पितळी सूक्ष्मदर्शक होता. त्यात डोकावून डोकावून त्यांचा डावा डोळा कायमचा मिटायला शिकला होता. समोर कोणीही आलं की तो आपोआप मिटे. नव्या माणसांचा यामुळे फार गोंधळ होई. आमच्या घराण्यातल्या प्रत्येक लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेत एक गृहस्थ वधूकडे पाहून डोळा मारताना दिसतात, ते हेच. तो सूक्ष्मदर्शक शाळेचा, असं कागदोपत्री होतं. प्रत्यक्षात तो वेताच्या करंडीत, जुन्या रेशमी पातळाच्या तुकड्यात गुंडाळलेला, सदैव त्यांच्या मांडीवर असे. जटक्यात, म्हणजे आमच्याकडच्या घोडागाडीत, बसले की स्वतः कडेला लोंबकळत आणि करंडीला गादीवर बसवत.

सगळं सजीव जग पेशींचं बनलेलं आहे, एवढी एकच गोष्ट त्यांना जगाला सांगायची होती. ती त्यांनी तीस मुलांच्या वर्गाला सांगितली असती तर माझी हरकत नव्हती. पण ती ते कासाराला सांगत, पोस्टमनला सांगत, दारासुरमच्या विणकरांना मागावरून उठवून सांगत. आम्हा तंजावरी मराठ्यांची भाषा तुम्हाला तिकडे जुनाट वाटते; पेशी हा शब्द आमच्याकडे कोणाला माहीत असणार? म्हणून घरात मराठी बोलताना ते पेशीला खोली म्हणत. "चिंचेच्या झाडापासून कलेक्टरापर्यंत समदें खोल्याखोल्यांचें बांधलेलें हाय," ते सांगत. "प्रत्येक खोलींत एक यजमान बसतो. यजमान गेला कीं खोली गेली."

पेशीचा पहिला पाठ ते वर्गात कधी घेतच नसत. माझ्या वर्गाच्या खिडकीसमोरच्या अंगणात, आणि तोही नेमका माझ्या दशांश अपूर्णांकांच्या तासाला. मुलांना हात धरून गोल उभं करायचं, ती पेशीची भिंत. आत काही मुलांनी हळूहळू फिरत राहायचं, तो आतला रस. आणि मधोमध एकाला पाटावर बसवायचं, तो यजमान. यजमान व्हायला मारामारी होई. मग दुसऱ्या दिवशी एकीच्या दोन पेशी होत, दोनाच्या चार, चाराच्या आठ. अंगणभर धावपळ, हसणं, धूळ. माझा वर्ग फळ्याकडे तोंड करून बसे, पण सगळ्यांचे कान खिडकीत. एकदा मी रागाने विचारलं, "दोनाला दोनाने सारखं गुणत गेलं तर दहाव्या वेळी किती?" एरवी ज्यांना दोनाचा पाढा छडीशिवाय आठवत नसे त्या पोरांनी एका सुरात उत्तर दिलं. बरोबर दिलं. कोणी शिकवलं म्हणून विचारलं तर म्हणतात, "सेल् सार!" माझ्या विषयातसुद्धा या माणसाने हात घातला होता, आणि माझ्याहून बरा घातला होता. त्या दिवशी मला दुपारचा दहीभात गोड लागला नाही.

दह्यावरून आठवलं. एकदा त्यांनी सासूबाईंना दह्याच्या निवळीचा थेंब दाखवला. एका डोळ्याने बघायला त्यांना जमेना, तेव्हा यांनी स्वतःच्या हाताने त्यांचा दुसरा डोळा झाकला. हे मी केलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं! आत लहान लहान काड्यांसारखे जीव पाहून सासूबाई जागच्या जागी बसल्या. "अय्यो, इतके दिवस मी जीवहत्या करूलालें होतें कां?" म्हणाल्या आणि दही सोडलं. त्यांनी सोडलं म्हणजे सगळ्यांनीच सोडलं. कुंभकोणात, चैत्राच्या उन्हात, दह्यावाचून घर! शेवटी हेच गेले, सासूबाईंच्या पायाशी बसले आणि समजावलं, "मामी, ते जीव पोटांत जाऊन आपलीच सेवा करतात. त्यांना अडवणें पाप." सासूबाईंनी डोळे पुसले, दही लावलं, आणि मग माझ्याकडे वळून म्हणतात कशा, "तुम्ही इतके वर्षें गणित शिकवूलालांत. दह्यांत काय हाय म्हणून एक दिवस तरी सांगिटलांत कां?"

आता सांगा, जळू नको तर काय करू?

जगभर पेशी दाखवतात त्या कांद्याच्या पापुद्र्यात. आमच्या शाळेचे विश्वस्त सोवळे. कांद्याला फाटकाच्या आत मज्जाव. घरी मेव्हणीबाईंचा त्याहून कडक. दुसरा मास्तर असता तर पुस्तकातलं चित्र दाखवून मोकळा झाला असता. यांनी कुंभकोणाचं विड्याचं पान धरलं. नदीकाठच्या मळ्यातलं कोवळं पान घ्यायचं, मधल्या शिरेजवळ हलकेच मोडायचं आणि तिरकं ओढायचं, की पाठीचा पापुद्रा कांद्याला लाजवील असा निघतो. हा शोध लागल्यापासून त्यांच्याशेजारी बसून विडा खाणं अशक्य झालं. लोक पानाला चुना लावत तोवर यांनी पान सोललेलं असे. पण नंतर असं झालं की गावातली चांगली पानं कोणती, ते यांच्याइतकं कोणालाच कळेना. मंगलकार्य असलं की पानं आणायचं काम आपसूक त्यांच्याकडे येऊ लागलं.

आणि आता त्या शुक्रवारचं सांगतो.

माझी एकुलती एक मुलगी सरसू शाळेची शेवटची परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाली होती. तिरुविडैमरुदूरचं एक स्थळ आलं. मराठी घर, मुलगा रेल्वेत, माणसं सालस. मी सरसूला विचारलं, "तुला काय पाहिजे?" ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, अप्पा." मी खूश झालो. चार दिवसांनी बायकोकडून कळलं की पोरीला तिरुच्चीच्या कॉलेजात जाऊन पुढे शिकायचं होतं, आणि हे ती मावसोबांना केव्हाच सांगून बसली होती. मावसोबा म्हणजे आमचे साडू. त्यांना मूलबाळ नव्हतं. सरसू त्यांच्या ओसरीवरच वाढली, हे मला मान्य आहे. पण मनातली गोष्ट तिने मला सोडून त्यांना सांगावी? एरवी मी लग्नाचा थोडा फेरविचार केला असता. हे ऐकल्यावर मी हट्टाला पेटलो आणि निश्चयतांबूलाचा दिवस ठरवून टाकला. तमिळ पंचांगातला आनी महिना सरत आला होता. पुढे आडी लागला की महिनाभर कार्य नाही.

ते लोक सकाळीच आले. साडेदहाला राहुकाल लागायचा, त्याआधी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी पानांची तबकं एकमेकांना द्यायची की झालं, सोयरीक पक्की. पानं अर्थात साडूंनीच आणली होती. मोठं परातभर तबक, जाईच्या पाकळ्यांसारखी मऊ पानं. ते तबकाशेजारी बसले. शेजारी करंडीही बसली. भटजी संकल्प सांगत असताना मुलाच्या आईने सहज म्हटलं, "किती कोवळीं पानें हीं!" बस्स. यांचा डावा डोळा मिटला. एक पान उचललं, मोडलं, ओढलं, पापुद्रा निघाला. "अम्मा, ह्यांत किती खोल्या हाय म्हणून पाहतां कां?"

मी अंगणाच्या पलीकडून खुणा करत होतो. कोण बघतंय? सूक्ष्मदर्शक अंगणातल्या उन्हात मांडला गेला. आधी मुलाच्या आईने पाहिलं, मग मुलाच्या आत्याने, मग खुद्द मुलाने. त्याला एकदा पाहून पुरेना. मग प्रत्येकाला आपापला पापुद्रा काढायचा होता. नीट निघेना म्हणून पानामागून पान मोडलं जाऊ लागलं. तेवढ्यात कॉफी घेऊन बाहेर आलेल्या सरसूने पेले खाली ठेवले आणि होणाऱ्या सासूच्या हाताला धरून दाखवलं, "असं नाही, तिरपें ओढा. हां, आतां आलें." तिचा तसला चेहरा मी घरात कधी पाहिला नव्हता. मुलाचे वडील म्हणजे गावचे करारी गृहस्थ; तेही शेवटी उपरणं सावरत उठले आणि सूक्ष्मदर्शकावर वाकले. "ओहो," ते म्हणाले, "हे तर आमच्या अग्रहारासारखेंच हाय! भिंतीला भिंत लागून घरें!"

भटजी ओरडले तेव्हा सगळे भानावर आले. तबकात एकही अखंड पान उरलं नव्हतं. मोडलेलं पान द्यायचं नाही, घ्यायचं नाही. बाजारात माणूस पिटाळला, तो पानं घेऊन आला, आणि घड्याळात पावणेअकरा झाले होते. राहुकाल लागलेला. मुलाचे वडील बोटाला चिकटलेला पापुद्रा झटकत म्हणाले, "आडी होऊं दे. मग पाहूं." रागावले मात्र नव्हते, जाताना साडूंना आपल्या गावच्या शाळेत बोलावून गेले.

मी साडूंना कोपऱ्यात गाठलं. "हें मुद्दाम केलांत?" त्यांनी उजव्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. "पान फारच कोवळें होतें, गणित सार," म्हणाले. मग हळूच, "महिनाभर पोर रिकामी बसून काय करणार? तोंवर कॉलेजांत घालूं या कां?" घरात सगळ्यांना ते पटलं. माझ्या बायकोलासुद्धा पटलं. आडी संपायच्या आत तिकडे मुलाची नागपूरकडे बदली झाली, स्थळ थंडावलं, आणि सरसू तिरुच्चीला पेशी बघायला गेली ती गेलीच.

तिला पोचवायला स्टेशनवर गेलो तो दिवस सांगितल्याशिवाय मला हे संपवता येणार नाही. साडू आमच्याबरोबर आले नाहीत. मी मनात म्हटलं, आता डब्याशी येतील आणि माझ्या मुलीला माझ्यासमोर शेवटचा पाठ देतील. गाडी आली, सरसू चढली, मी सामान लावलं. ती सारखी फलाटावर कोणाला तरी शोधत होती, ते मला दिसत होतं आणि सलत होतं. शिट्टी झाली. गाडी हलली तशी तिने खिडकीतून हात बाहेर काढला आणि रडत "अप्पा, अप्पा" म्हणून हाका मारत राहिली. मी फलाट संपेपर्यंत चालत गेलो.

परत वळलो तर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला साडू उभे. करंडी नव्हती. हात रिकामे असले की त्यांना ते कुठे ठेवायचे कळत नसे, तसे कोटाच्या खिशात कोंबलेले.

"डब्याशीं आलां कां नाही?" मी विचारलं. "ती तुम्हांला पाहूलाली होती."

"आलों असतों तर ती मला कांहीं तरी विचारली असती. मी सांगत बसलों असतों. तुमचें बोलणें राहिलें असतें." आम्ही दोघे स्टेशनाबाहेर आलो. रस्त्याकडे बघत ते म्हणाले, "गाडी सुटतांना ती तुम्हांला हांक मारली. मी आइकलों. हेवा वाटतो हो, गणित सार."

मी थांबलो. इतकी वर्षं मी या माणसावर जळत आलो होतो, आणि माझ्याकडेही जळण्यासारखं काही असेल हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. गावातली सगळी मुलं त्यांची होती, खरं आहे. पण दिवेलागण झाली की कुठल्या ना कुठल्या दारातून हाक येई आणि त्यांची ओसरी रिकामी होई. ती हाक ऐकून ते काय करत असतील, हे मी कधी विचारलं नाही. "जेवायला चला," एवढंच म्हणालो.

मेव्हणीबाई माझ्या बायकोला धीर द्यायला आमच्याकडेच आल्या होत्या. बायकोने नेहमीच्या सवयीने माझ्या पानाशेजारी सरसूचं केळीचं पान मांडलं होतं. आमच्याकडे पाहून तिला ते लक्षात आलं आणि ती ते उचलायला वाकली. मी नको म्हटलं आणि साडूंना तिथे बसवलं. भात आला तेव्हा ते हात आडवा धरून "थोडाच" म्हणाले. मग आम्ही दोघे बाप शेजारी शेजारी जेवलो.