उर्मिलाची गांडुळं आणि केतकीची पिल्लं

दसरा उलटला तरी मोहगावचं ऊन हटायला तयार नव्हतं. सकाळीच अंग चिकचिकत होतं. उर्मिलानं खताच्या खड्ड्यावरचं गोणपाट बाजूला केलं, हात कोपरापर्यंत आत घातला आणि मूठभर लाल गांडुळं वर काढली. आसपासचे संत्रावाले तिचंच गांडूळखत नेत. या गांडुळांचा तिला भारी तोरा.

आणि तीच गांडुळं ती दोन पिल्लं थुंकून टाकत होती.

पिल्लं लेकीची, केतकीची. नागपूरला शिकताना तिनं अ‍ॅक्सोलोटल आणले: बोटाएवढे, फिके गुलाबी, चार पाय, मानेशी लाल तुरे, जन्मभर पाण्यातच राहणारे. वसतिगृहात ठेवू देईनात, म्हणून आईच्या ओटीत टाकून गेली. पाणी गार लागतं म्हणून उर्मिलानं काचेच्या पेटीला ओलं गोणपाट गुंडाळलं, बर्फाच्या बाटल्या बदलत राहिली. पण आल्यापासून एक घास पोटात नाही. पोटं खपाटीला गेली. केतकीचा फोन आला की ही म्हणायची, ‘खाऊन राहिले, बाप्पा’, आणि पुन्हा पेटीशी जाऊन बसायची.

आजही तिनं गांडुळं चिमटून बारीक तुकडे केले. पिल्लांनी घेतले, थुंकले. हात साबणानं धुऊन तिनं नवऱ्याला भाकर वाढली. तुळशीरामनं नाक मुरडलं.

“तुह्या हाताले कायचा वास येऊन राहिला वो?”

“धुतले ना आत्ताच.”

“मग गांडूळच वास मारते तुहं. असलं तू तरी खाशीन काय?”

तो हसला. ती नाही हसली. तिनं बोटं हुंगली. चिमटलं की हे लाल गांडूळ पिवळं, घाण वासाचं पाणी सोडतं, हे तिला ठाऊक होतं. खतात राहून नाकच मेलेलं.

खुरपी घेऊन ती विहिरीमागं गेली. तिथल्या केळीच्या आळ्यात कधी फवारा मारलेला नव्हता. तिथलं मातकट गांडूळ काढलं, धुतलं, कापलं, चिमट्यानं पाण्यात धरलं. एकानं झडप घालून गिळलं. ती श्वास धरून बसली. थुंकलं नाही. दुसऱ्यानं मात्र तोंड फिरवलं.

फोन वाजला.

“आई, खाल्लं काय?”

“मी खोटं बोलत होती, केतके. आजच खाल्लं, तेही एकानंच. दुसऱ्याचं पाहून राहिली.”

पलीकडून केतकी म्हणाली, “मी येतो उद्या.”

तुकडा चिमट्यातच लोंबत होता. तेवढ्यात उर्मिलाला आठवलं, सकाळपासून खड्डा उघडाच. लाल गांडुळं उन्हात वाळतील. चिमटा पेटीवर ठेवून ती झारीत पाणी भरायला निघाली.