सात दिवस न फोडता

माझं तोंड वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. भंगाराच्या धंद्यात गोड बोलून भागत नाही. नवरा गेला तेव्हा भाऊबंदांनी गृहीतच धरलं, की बाई आता शेड विकणार आणि बार्शीला माहेरी जाऊन भावजयीच्या हाताखाली भाकऱ्या थापणार. मी कुठली जातेय! तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी वजनकाट्याशेजारी खुर्ची टाकून बसले. लोकांनी नावं ठेवली, ठेवू दे. लोखंड, तांबं, पितळ, जुन्या बॅटऱ्या, रद्दी, जे येईल ते घेत गेले. गडी एकच होता, यंत्रमाग बंद पडल्यावर आमच्याकडं आलेला. घरी तेलुगू बोलायचा, वयानं माझ्याहून मोठा असून मला अक्का म्हणायचा. घण चालवावा तर त्यानंच.

आमच्या शेडात नवऱ्यापासूनची एक रीत होती. आलेल्या मालाचं रूप दिवेलागणीच्या आत मोडायचं. सायकल आली तर तिची चाकं वेगळी, दांडी वेगळी. कुकर आला तर चेपून चपटा. पंखा आला तर पाती एकीकडं आणि तांब्याची तार दुसरीकडं. अख्खी वस्तू दिसली की कुणीतरी येऊन "ही माझी" म्हणतो, तुकड्यांवर कोण हक्क सांगणार? आम्ही चोरीचा माल घेत होतो असं नाही. घेत नव्हतो असंही छातीठोकपणे सांगणार नाही. आम्ही विचारतच नव्हतो.

मग त्या सायलेन्सरच्या चोऱ्या सुरू झाल्या. शाळेची पोरं नेणाऱ्या, दूध वाहणाऱ्या ज्या छोट्या व्हॅन असतात ना, त्यांच्या सायलेन्सरमध्ये धूर गाळायची एक डबी असते. डबीत मधाच्या पोळ्यासारखी जाळी, आणि त्या जाळीला सोन्याच्या बरोबरीच्या कसल्या कसल्या धातूंचा लेप. जाळी कुटून जी भुकटी निघते तिला आमच्यात नुसतं माती म्हणतात. ती माती न्यायला बाहेरगावचे लोक मोटरसायकलवरून यायचे. चोर गाडीखाली शिरला की दहा मिनिटांत काम तमाम. सकाळी मालकानं चावी फिरवली की सगळी गल्ली दणाणायची आणि तो बिचारा खाली वाकून बघायचा, तर तिथं सायलेन्सरच नाही.

चोऱ्या फार झाल्या तेव्हा पोलिसांनी आम्हा सगळ्या भंगारवाल्यांना बोलावून घेतलं. साहेब तरुण होते, पण आवाज जरबेचा. नियम सांगितले. विकणाऱ्याच्या आधार कार्डाची झेरॉक्स घ्यायची. मालासकट त्याचा फोटो काढायचा. सायलेन्सर असेल तर गाडीचं आरसी बुक बघायचं. वहीत नोंद करायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, माल सात दिवस न फोडता तसाच ठेवायचा. सायलेन्सरवर कंपनीनं ठोकलेला नंबर असतो, त्यावरून तो कुठल्या गाडीचा ते कळतं. "ज्यानं सात दिवसांच्या आत फोडला, त्यानं पुरावा फोडला. शेडला सील लागंल आणि मालक आत जाईल," असं म्हणून साहेबांनी आमच्याकडं एकेकाकडं बघितलं. बाकीचे कुरकुरले. मी मात्र त्याच दिवशी जाड पुठ्ठ्याची वही आणली. म्हटलं, बाई माणूस आहे, आपल्याकडं बोट नको.

पंधरा दिवसांनी एक व्हॅनवाला आला. चाळिशीचा असेल, माढ्याकडच्या खेड्यातला, इथं येऊन शाळेच्या पोरांची व्हॅन चालवायचा. ओळखीचा होता, आधीही जुने टायर, पत्रे देऊन गेलेला. गाडी ओढत नव्हती, सायलेन्सर आतून चोंदला होता, म्हणून फिटरकडून साधी नळी बसवून घेतली आणि जुना सायलेन्सर माझ्याकडं आणला. मी आधार घेतलं, आरसी बघितली, वहीत लिहिलं आणि म्हटलं, "उभा राहा, फोटो काढायचाय."

"माझा कशाला वो मावशी? मी काय नवरदेव हाय?"

"गप उभा राहा. नियम आहे."

लाजला तो. पोरगं कडेवर घ्यावं तसा सायलेन्सर पोटाशी धरून उभा राहिला. नंबर ठोकलेली बाजू त्याच्या सदऱ्याकडं. मला तेव्हा ते कळलंही नाही, आणि कळलं असतं तरी मी फिरवून धरायला सांगितलं असतं की नाही, कोण जाणे. फोटो छान आला.

सगळं कसं नियमानं झालं. आणि मग संध्याकाळ व्हायला लागली.

खरंच सांगते, लोभ नव्हता. म्हणजे मातीवाला त्या दिवशी यायचा होता हे डोक्यात होतंच, पण मुख्य ती रीत. दिवेलागण होत आली आणि कोपऱ्यात अख्खा सायलेन्सर पडलेला बघून मला चैन पडेना. गड्याला म्हटलं, "तेवढं उरकून टाक."

"अक्का, हे सात दिवस ठेवायचं म्हनले ना?"

"ओळखीच्या माणसाचं आहे. स्वतःच्या गाडीचं आहे. वहीत लिहिलंय. फोड."

त्यानं फोडला. माती त्याच संध्याकाळी गेली. पत्रा दुसऱ्या दिवशी लॉरीत भरून भट्टीकडं गेला.

चौथ्या दिवशी साहेब दारात, सोबत हवालदार आणि एक दुसरा व्हॅनवाला. हाही पहिल्याच्याच शाळेची पोरं नेणारा. त्याचा सायलेन्सर त्याच आठवड्यात चोरीला गेला होता. साहेबांनी वही बघितली, मान डोलावली. "बाईंनी काम चोख ठेवलंय," म्हणाले. मला काय बरं वाटलं! मग फोटो बघितला. तो दुसरा व्हॅनवाला मोबाईलवर वाकला आणि ओरडला, "ह्योच! माजाच हाय ह्यो!" अरे, सगळे सायलेन्सर दिसायला सारखे. त्याला कशावरून कळलं? पण साहेबांनी सोपा मार्ग काढला. "नंबर बघू की. बाई, माल कुठंय?"

माझी पाचावर धारण बसली. शेडला सील, आपण आत, आणि ज्या भाऊबंदांपुढं ताठ मानेनं चौदा वर्षं बसले ते उद्या दारात हसायला येणार. हे सगळं एका श्वासात डोक्यातून गेलं आणि तोंडातून निघालं ते असं:

"साहेब, तो परत घेऊन गेला की. दुसऱ्याच दिवशी आला, म्हणाला विकायचा नाही."

आणि एवढ्यावर थांबले नाही मी. गडी घण टेकवून उभा होता, त्याच्याकडं वळले. "तूच उचलून दिलास ना रे?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याची बायको विड्या वळायची, तिचे डोळे अधू झालेले, घरात कमावता हा एकटा. हे मला चांगलं ठाऊक होतं, म्हणून तर विचारलं. त्यानं हो म्हणून मान हलवली. साहेब म्हणाले, वहीत तसं लिहा, आणि मी त्यांच्यासमोर लिहिलं, परत नेला. खाली सही केली. जबाब झाला.

माझ्या व्हॅनवाल्याला दोन दिवस बसवून ठेवलं. परत नेलेला सायलेन्सर कुठंय, एवढाच प्रश्न. तो काय सांगणार, कप्पाळ? नेलाच नव्हता. तिसऱ्या दिवशी सुटला आणि घरी न जाता थेट माझ्याकडं आला. खुर्ची दिली तर बसला नाही, नीट बसता येत नव्हतं.

"मावशी, तुमी इसरलाव बगा," तो हसून म्हणाला. हसून! "मी कवा परत नेला वो? आटवा जरा. दुसरं कोन तरी आलं असंल."

"नेलास की. मला म्हातारचळ लागलाय का?"

त्याचं हसू गेलं. मला त्याचाच राग आला. काय गरज होती ह्याला लाजून पोटाशी धरायची? नंबर दिसला असता फोटोत तर मी कशाला खोटं बोलले असते! अशी मी स्वतःची समजूत घालत होते आणि ती मला पटतही होती.

मे संपताना तो पुन्हा आला. शाळेची पोरं न्यायची तर व्हॅनवाल्याला पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला लागतो, आणि तो दरवर्षी द्यावा लागतो. चौकशी चालू असलेल्या माणसाला कोण दाखला देणार? प्लास्टिकच्या पिशवीत अर्ज घालून आणला होता. दाखला नाही तर पोरं नाहीत, पोरं नाहीत तर व्हॅन दारात उभी करून करायचं काय, हे त्यानं मला दोनदा सांगितलं, जणू मला कळतच नव्हतं.

"तुमी येवडंच सांगा मावशी, की मी न्हेला न्हाय. चुकून बोलले म्हना. तुमच्या पाया पडतो."

तो वाकला. मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. काट्यावर तीन गिऱ्हाईकं उभी होती, सगळ्यांचे कान इकडं. त्यांच्यादेखत मी ओरडले, "चोऱ्या करायच्या आणि वर बायामाणसाला खोटं बोलायला लावायचं? लाज नाही वाटत? ऊठ इथनं, चोर कुठला!"

तो उठला. पिशवी खाली पडली होती ती गड्यानं उचलून दिली. गडी तिथंच उभा राहिला. मी त्याला तेलुगूत म्हटलं, काम कर. तेवढं तेलुगू मला येतं.

जूनमध्ये शाळा उघडली. त्याची सगळी पोरं कुणाच्या गाडीत बसली माहिताय? त्याच दुसऱ्या व्हॅनवाल्याच्या, "ह्योच" म्हणून ओरडलेल्याच्या. त्यानं एक जादा बाकडं टाकून घेतलं.

पावसाळा सरता सरता चोरांची टोळी सापडली. त्यांनी विकलेला माल शोधताना कुर्डुवाडीच्या एका भंगारवाल्याकडं त्या दुसऱ्या व्हॅनचा सायलेन्सर निघाला. अख्खा. नंबर जुळला. त्या भंगारवाल्याला संशय आला होता, म्हणून त्यानं तो न फोडता बाजूला ठेवून दिलेला. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्या न बघितलेल्या भंगारवाल्याला मी दिवसभर शिव्या दिल्या. मोठा आला सज्जन!

आणि हा माझा व्हॅनवाला पेढे घेऊन आला. "मावशी, सुटलो बगा."

मी पेढा घेतला. खाल्ला.

मग म्हणाला, की पोलिसांत आता काही नाही, पण शाळेनं बैठक घेतली आणि पालक म्हणाले, चोरी केली नसेल, पण विकलेला माल परत नेऊन लपवला कशाला? "तुमचा जबाब अजून तसाच हाय मावशी. दोन ओळी लिहून द्या. नजरचूक झाली म्हना. तुमच्याकडं शंभर मानसं येत्यात, एकाद्याचा चेहरा चुकतोय. मी कुनाला काय बोलनार न्हाय. तुमच्यावर बी त्यावेळी दबाव आला असंल."

त्यानं मला वाट काढून दिली होती. साधीसरळ, अब्रू न जाता बाहेर पडायची वाट. फार तर साहेबांनी चार शब्द सुनावले असते, मला थोडाफार दंड भरावा लागला असता. ते मी मोजून बघितलं. पण मधल्या काळात पोलिसांनी पुन्हा बैठक घेतली होती आणि साहेबांनी सगळ्या भंगारवाल्यांसमोर मला उभं करून माझी वही दाखवली होती. अशी ठेवा, म्हणाले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. उभ्या जन्मात माझ्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती हो.

"लिहिलं ते लिहिलं," मी म्हणाले. "आता त्यात काना नाही की मात्रा नाही बदलायची. जा तू."

तो गेला. दिवाळीआधी व्हॅन विकली. आता अकलूजकडं कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर ऊस ओढतो असं ऐकते. एकदा बसस्टँडवर दिसला होता, मला बघून त्यानं आपणहून हात जोडले. मी दुसरीकडं बघितलं.

परवा हे सगळं लिहून झाल्यावर गड्याला वाचून दाखवलं. त्याचे केस आता सगळे पांढरे झालेत, घणाऐवजी मी त्याला काट्यावर बसवते. जबाबाच्या दिवसापासून तो कामापुरतंच बोलतो. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्यात त्याचं नाव कुटं हाय, अक्का?"

"नावं नाही घातली कुणाची."

"तुमचं?"

"माझंही नाही."

"मग हा कागद घेऊन तो शाळेत जाऊ शकत न्हाय."

"नाही," मी म्हणाले, आणि गिऱ्हाईक आलंय, वजन कर म्हणून सांगितलं.