मोटारीच्या छताचं अस्तर

त्या वर्षी बायकोला छातीचं दुखणं होतं. आठवड्यातून दोनदा इंजेक्शनसाठी दवाखान्यात न्यावं लागे. नंदनवन वस्तीतल्या घरातून सायकलरिक्षानं गेलं की परत येईपर्यंत ती पार गळून जायची, म्हणून ऑफिसातल्या एका साहेबांची जुनी मोटार मी घेतली. इंजिन बरं होतं, पण छताचं आतलं अस्तर कुजलेलं. छताखाली कमानीसारख्या वाकवलेल्या पाच आडव्या तारा असतात आणि ते कापड त्यांना शिवलेलं असतं. शिवण उसवली की सगळं डोक्यावर लोंबतं. मी चिकटवायचं सोल्यूशन लावून पाहिलं. मे महिन्यात मोटार तासभर उन्हात उभी राहिली की ते वितळायचं.

एकदा दवाखान्यातून परत येत होतो. वडील माझ्या शेजारी बसले होते. आरशात पाहिलं तर मागच्या सीटवर बायको मान टाकून पडलेली आणि एक हात वर. वडिलांनीही वळून पाहिलं.

"सूनबाई, हात काहून वर धरला?"

"कापड तोंडावर येते, बाबा. दम कोंडते."

"कवापासून?"

तिनं नुसता वरचा हात बदलला. म्हणजे पहिल्या दिवसापासूनच.

मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर रागही आला. पहाटे नळाचं पाणी, पोरींचे डबे, ऑफिस, दवाखाना, रात्रीचा स्वयंपाक. त्यात आणखी एक काम नको होतं. म्हटलं, "सीटकव्हरवाल्याकडे टाकतो. दोन आठवडे लागतील म्हणते तो."

"अन् दोन आठवडे तिले कशात नेशील?" वडील म्हणाले. "कापड आण. मी करतो."

वडिलांचा जन्म हातमागावर गेला होता. आठ वर्षांपूर्वी माग बंद झाला, तेव्हापासून ते दारात बसून असत. या आठ वर्षांत मी त्यांना जेवलात का, यापलीकडे फारसं काही विचारलं नव्हतं.

मी जाड सुती कापड आणलं. त्यांनी ते शनिवारी भिजवून वाळवलं, मागाहून आटू नये म्हणून. रविवारी उजाडताच मोटार कडुनिंबाखाली घेतली. मी जुनं अस्तर फाडून काढलं आणि तारा ओढून ओसरीवर टाकल्या. वडिलांनी चटईवर बसून नव्या कापडाला तारांसाठी पाच नेफे शिवले. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता, ते बोटांनी चाचपत शिवत. बायको पायरीवर बसून सुया ओवून देत होती. तेवढं तिला बसल्याबसल्या जमत होतं.

दुपारी कापड चढवलं, तर मधे ताठ आणि मागे झोळ. प्रत्येक तारेचा वाक वेगळा असतो, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी त्यांची सरमिसळ करून ठेवली होती.

"पुढची तार कोणती होती?" वडिलांनी विचारलं.

"मले काय माहीत! राहू द्या आता तसंच. लोंबलं तर लोंबू द्या!" मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारीण दारात आली. हात वर धरून धरून खांदे भरून आले होते, कपड्यांतून घाम निथळत होता.

वडील म्हणाले, "तू दमला गा. सावलीत बस जरा. उसवायले का लागते, घंटाभर."

त्यांनी सगळं खाली काढलं. एकेक तार छताला लावून, बोटानं वाक चाचपून पाहिला आणि ओळीनं मांडली. तास दीड तास लागला असेल. मला उठवत नव्हतं. मी नुसता पाहत होतो. मग तारा त्याच क्रमानं नेफ्यांत ओवून ते सीटवर उताणे पडले आणि त्यांनी मला बोलावलं.

"मधून धर. दोन्हीकडं सारखा ताण दे. एकाच अंगानं ओढलं तर कापड रुसते."

संध्याकाळी काचांच्या रबराखाली शेवटच्या कडा खोचल्या. शिवण एके ठिकाणी वाकडी गेली होती. मी तिथलं कापडही बोटानं सारखं केलं.

मंगळवारी दवाखान्यात जाताना बायको दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. पहिला चौक येण्याआधीच तिला झोप लागली होती.

त्या संध्याकाळी मी वडिलांजवळ जाऊन बसलो. म्हटलं, "बाबा, परवा मी ओरडलो तुमच्यावर..."

"पोरी जेवल्या का, पाह्य," ते म्हणाले.

इंजेक्शनं पुढं वर्षभर चालली. बायको बरी झाली, पण जिना चढताना मधे थांबावं लागायचं, ते कायमचंच. वडील त्यानंतरच्या हिवाळ्यात गेले. तोवर मी रोज ऑफिसातून आलो की थोडा वेळ त्यांच्याजवळ ओसरीवर बसत असे. बोलणं फारसं व्हायचं नाही. दोघंही थकलेले असू.